मिशीचं सातत्य

डोंबिवली (पूर्व)
९ नोव्हेंबर २०२४

श्री. राजरत्न यांस,

नमस्कार. आपली ओळख नाही. आपल्या सिनेमात काम करणाऱ्या ऋतुराज सुर्वे याचा मी आजोबा. 'काम करणाऱ्या' हे शब्द त्याच्या नावामागे मी प्रथमच लिहितो आहे, त्यामुळे हात थोडा अडखळला.

ऋतुराजला नुकतंच अठरावं लागलं. बारावीला दोन विषय राहिले. पुढे काय करणार असं विचारलं की तो 'बघू' म्हणतो. जेवणार का, तरी 'बघू'. असा मुलगा दसऱ्याच्या आधीपासून मधूनच एखाद्या दिवशी पहाटे उठतो, स्वतःच्या हातानं चहा करून घेतो आणि कोपरीला आपल्याकडे येतो. त्याच्या आईनं, म्हणजे आमच्या सूनबाई मेघनानं, परवानगी दिली आहे. मला कोणी विचारलेलं नाही, म्हणून मीच विचारतो.

एक, सिनेमा कशाबद्दल आहे? दोन, त्याच्या वरच्या ओठाचा काय प्रकार आहे? त्याच्या ओठावर जे आहे त्याला मिसरूड म्हणतात. प्रत्यक्षात ते दूध पिऊन तोंड न पुसल्यासारखं दिसतं. मी वस्तरा पुढे केला तर म्हणाला, "दादांनी हात लावायचा नाही सांगितलंय." घरात माझं न ऐकणारा मुलगा आपलं ऐकतो, याचं मला कौतुक आणि थोडं वैषम्य आहे.

आपलं पूर्ण नाव आणि गावही कळवावं.

फोन करू नये. मला ऐकू येत नाही, आणि यंत्र लावलं तर ते शिटी वाजवतं. उत्तर ऋतुराजकडेच द्यावं. मी पाकीट चिकटवत नाही. वाचलंस तर शुद्धलेखन सुधारेल, असं त्याला सांगून ठेवलं आहे. त्या भीतीनं तो वाचणार नाही.

कळावं, आणि जमल्यास वळावंही.

दौलत गो. सुर्वे
(निवृत्त टाइमकीपर, वागळे इस्टेट)


कोपरी, ठाणे (पूर्व)
१७ नोव्हेंबर २०२४

आदरणीय आबा,

सप्रेम जयभीम. ऋतुराज तुम्हाला आबा म्हणतो, म्हणून मीही तेच लिहितो.

माझं पूर्ण नाव राजरत्न गौतम कासारे. गाव चिपळूणजवळ. एवढं कळल्यावर सहसा तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, असा माझा अनुभव आहे.

सिनेमाचं नाव 'बघू'. बारावीनंतरच्या सुट्टीत तीन मुलं कोपरीतल्या एका बंद गॅरेजच्या पायरीवर बसतात. एक आठवडा बसतात आणि शेवटी उठतात. एवढंच कथानक. यात बघण्यासारखं काय, असं तुम्ही विचाराल. निर्मातेही हेच विचारायचे, त्यामुळे आता निर्माता नाही.

आधी नाटकातली मुलं घेतली होती. त्यांना बसता येत नाही. 'काही करू नका' म्हटलं की ती काही न करण्याचा अभिनय करतात. ऋतुराज मला डोंबिवलीत एका कॉलेजच्या सूचनाफलकासमोर दिसला. फलकावर एकही सूचना नव्हती, आणि तो बराच वेळ तिथे उभा होता. काय करतोयस विचारलं तर म्हणाला, "काय नाय." मी सिनेमाचं नाव सांगितलं. तो हसला नाही. त्याला त्यात विनोद दिसला नाही. तिथेच मी त्याला घेतला.

आता मिशीबद्दल. कॅमेरा माझा मित्र सुशांतचा आहे, आणि तो लग्नांचे व्हिडिओ करतो. ज्या दिवशी लग्न त्या दिवशी कॅमेरा लग्नात. म्हणून आम्ही मुहूर्त नसेल त्याच दिवशी शूटिंग करतो. आमच्या घरात पंचांग कधी नव्हतं. आता मी एक टांगलंय, उलटं बघायला. आई रोज त्याच्याकडे बघते आणि मग माझ्याकडे.

त्यामुळे गोष्ट आठवड्याची असली तरी शूटिंग महिनोन्‌महिने चाललंय. ऋतुराज कोपऱ्यावर वळतो सप्टेंबरात आणि पायरीवर येऊन बसतो डिसेंबरात. तेवढ्यात मिशी वाढली तर प्रेक्षक वेड्यात काढतील. याला कंटिन्युइटी म्हणतात. ते काम रसिकाकडे आहे. ती पट्टी धरून मिशीचे फोटो काढते आणि बारीक कात्रीनं तिला जिथल्या तिथे ठेवते.

तुमचा,
राजरत्न


डोंबिवली
२४ नोव्हेंबर २०२४

चि. राजरत्न,

तिसऱ्या प्रश्नाबद्दलचं वाक्य दोनदा वाचलं. बरोबर आहे. जयभीम.

कंटिन्युइटीला मराठीत सातत्य म्हणता येईल. कोणत्याही गोष्टीत सातत्य नसलेल्या मुलाच्या मिशीत तरी ते आलं, याचं समाधान आहे. मी एवढी वर्षं हजेरी सांभाळली, पण कोणाची मिशी सांभाळायला पगारी माणूस ठेवलेला पाहिला नाही. रसिकाबाईंना पगार नाही असं ऋतुराज म्हणतो. मग तर नमस्कारच सांगा.

उत्तराला उशीर झाला, कारण दोन दिवस दवाखान्यात होतो. हृदय निम्म्यापेक्षा कमी काम करतं म्हणे. आमच्या कंपनीत अशा कामगाराला कधीच घरी बसवलं असतं.

घरात आम्ही तिघंच. माझा एकुलता एक मुलगा सुदेश, म्हणजे ऋतुराजचे वडील, अपघातात गेला तेव्हा ऋतुराज अगदी लहान होता. मेघना नोकरीला जाते. दिवसभर घरात मी आणि हा, आणि आमच्यापैकी कोण जास्त निवृत्त आहे ते सांगणं कठीण. तरी शूटिंगच्या दिवशी तो गजर व्हायच्या आत उठतो. असं का, विचारलं तर म्हणाला, "तिथे सगळे थांबलेले असतात ना." हे वाक्य त्याच्या तोंडचं आहे यावर माझा अजून विश्वास नाही.

दौलत सुर्वे


कोपरी
५ डिसेंबर २०२४

आदरणीय आबा,

जयभीम. तब्येतीचं वाचून फार काळजी वाटली. ऋतुराजबरोबर सफरचंदं, डाळिंबं आणि ओट्सचं पाकीट पाठवलंय. ओट्स बेचव असतात, पण खा.

तुम्ही कितव्या मजल्यावर राहता? लिफ्ट आहे का? नसेल तर कृपया खाली उतरूच नका. टेंभी नाक्याजवळ हृदयाचे एक चांगले डॉक्टर आहेत, त्यांची वेळ घेऊन ठेवतो. सुशांतची गाडी आहे, तो नेईल-आणेल. मीठ कमी करा. पहाटे थंडीत फिरायला जाऊ नका. रागावू नका, विशेषतः ऋतुराजवर. तो काही बोलला किंवा काहीच बोलला नाही तर मला कळवा, मी त्याच्यावर रागावतो.

रात्री झोप लागते का? धाप लागते का? पायांवर सूज? ऋतुराजला विचारलं तर तो म्हणतो, "बरेयत."

पौष लागला की लग्नं थांबतील. तेव्हा सलग दिवस मिळतील आणि उरलेलं शूटिंग संपेल. तोपर्यंत सांभाळा. म्हणजे त्यानंतरही सांभाळाच.

तुमचा,
राजरत्न


डोंबिवली
१२ डिसेंबर २०२४

चि. राजरत्न,

तुझं पत्र मी आमच्या इमारतीखालच्या बाकावर सगळ्यांना वाचून दाखवलं. शेजारच्या गोदाबाई म्हणाल्या, पोटच्या पोरानं एवढं विचारलं नसतं. मी दोन दिवस हवेत होतो. ओट्ससुद्धा खाल्ले.

काल दाढी करताना वस्तरा ओठाशी आला आणि माझी ट्यूब पेटली.

आमच्यात घरचं माणूस गेलं की अग्नी देणाऱ्यानं दहाव्या दिवशी डोकं आणि मिशी उतरवायची असते. सुदेश नाही. म्हणजे मला अग्नी ऋतुराज देणार. म्हणजे माझ्या हृदयाला आणि तुझ्या सिनेमाला जोडणारी एकच गोष्ट आहे, आणि ती पट्टीनं मोजली जाते. सफरचंदं माझ्यासाठी नव्हती, मिशीसाठी होती.

मी रागावलेलो नाही. तूच रागावू नका म्हणाला आहेस. उलट बऱ्याच वर्षांनी माझ्या जिवंत असण्यावर कोणाचं काहीतरी अवलंबून आहे, ही भावना वाईट नाही. पेन्शनवाले सोडले तर दुसरं कोणी माझी हजेरी घेत नाही.

तेव्हा हिशेबाचं बोलू. पौष संपेपर्यंत मी थांबतो. टाइमकीपरचा शब्द आहे. मात्र एक अट. तुला जे वाटतं ते सरळ लिहीत जा. डाळिंबांच्या आडून लिहू नकोस.

दौलत सुर्वे

ता. क. : डाळिंबं गोड होती.


कोपरी
१५ डिसेंबर २०२४

आदरणीय आबा,

पत्र वाचून पायरीवर बसून राहिलो. रसिकाला वाटलं, मी ऋतुराजला सीन करून दाखवतोय.

सरळ लिहितो. आमच्याकडे हे विधी करत नाहीत, त्यामुळे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुमचं आधीचं पत्र मी जेवताना वाचून दाखवलं, तेव्हा आई म्हणाली, "अरे, म्हातारा गेला तर तुझ्या पोराची मिशी जाईल." लहानपणापासून चाळीत शेजाऱ्यांकडे पाहिलंय तिनं. आधी मिशीचा विचार आला आणि मग तुमचा, हे खरं आहे. त्याची लाज वाटते.

या सिनेमाला तीन वर्षं झाली. वागळे इस्टेटमधली एडिटिंगची नोकरी यासाठी सोडली. सुशांत मार्चमध्ये कॅमेरा विकून नोकरीसाठी दुबईला चाललाय. पौषात संपलं तर संपलं, नाहीतर माझ्याकडे अर्धवट बसलेल्या मुलांचा एक ढीग राहील. डोक्यावर टोपी घालता येते, पण ओठावर काय घालणार? मास्क लावावा तर गोष्ट कोरोनात जाते.

दुसरी अडचण मिशीपेक्षा मोठी आहे. ऋतुराज बिघडलाय. त्याला रिकामं बसता येईनासं झालंय. शॉट चालू असताना त्याची नजर वायरींवर असते. परवा मी 'कट' म्हणायच्या आत उठून त्यानं रिफ्लेक्टर सरळ केला. मी ओरडलो तर म्हणतो, "पडला असता ना, दादा." आता तो पायरीवर बसतो तेव्हा कामाला बोलावणं येईल म्हणून बसल्यासारखा दिसतो. जो मुलगा मी निवडला होता तो जवळजवळ संपलाय.

शेवटचा सीन त्याचाच आहे. तो पायरीवरून उठतो. का उठतो, हे मला अजून सापडलेलं नाही.

राजरत्न


डोंबिवली
२ जानेवारी २०२५

चि. राजरत्न,

तुझ्या सिनेमाचं नुकसान आमच्या घरी जमा होतंय. ऋतुराजनं न सांगता पाण्याचं पिंप घासून भरलं. मेघनानं त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

माझं अक्षर हललेलं दिसेल. थंडी आहे, असं डॉक्टरला सांगितलं. तुला सांगत नाही, कारण आपलं सरळ लिहायचं ठरलं आहे. जिना चढताना आता दोनदा बसतो.

मरणाची मला भीती वाटत नाही. 'बघू'ची वाटते. माझ्यामागे मेघना नोकरी करेल, हा खिडकीत उभा राहील, आणि वर्षं जातील. हजेरीपत्रकात मी अशी माणसं पाहिली आहेत. रोज वेळेवर आली, वेळेवर गेली आणि एक दिवस कंपनी बंद झाली तेव्हा त्यांना स्वतःचं काही ठरवता येईना. हा तर अजून आलाच नाही. माझा फार जीव आहे त्याच्यावर. हे त्याला सांगितलेलं नाही. वाचत असेल तर कळेल.

म्हणून एक कागद करून मेघनाजवळ दिला आहे. त्यात लिहिलं आहे : 'माझ्या पश्चात ऋतुराजच्या डोक्याच्या किंवा ओठावरच्या एकाही केसाला हात लावू नये. ही माझी इच्छा असून ती मोडणाऱ्यास माझा आशीर्वाद नाही.' शेवटचं वाक्य गावाकडच्या पुतण्यांसाठी आहे. मुलाच्या हातून आयुष्यात एक गोष्ट पुरी होत असेल तर ती माझ्या दहाव्यापायी अडायला नको.

तो का उठतो, मला विचारशील तर पाय दुखले म्हणून. पण मी सिनेमातलं काही जाणत नाही.

आशीर्वाद. हा तुला आहे.

दौलत सुर्वे


कोपरी
२० जानेवारी २०२५

ऋतुराज,

स्मशानात तुला भेटलो, पण तू मडकं घेऊन फिरत होतास, म्हणून बोलायचं राहून गेलं. हे पत्र रसिकाकडे देतोय.

आबा गेल्याचं मला फार लागलंय. मी त्यांना एकदाच भेटलो, तेही शुक्रवारी, आणि तेव्हा ते ऐकण्याच्या पलीकडे होते. तसे ते आधीपासूनच होते, म्हणून पत्रं लिहायचो. आता डोंबिवलीत कोणाला लिहू?

तुझ्या आईनं आबांचा कागद मला दाखवला. एकच सीन उरलाय. मिशी ठेव असं मी तुला सांगणार नाही. काढ असंही सांगणार नाही.

ठेव. हे वरचं वाक्य खोटं होतं. आबांना डाळिंबं पाठवून पकडला गेलो होतो, म्हणून आता सरळ लिहितोय.

दादा


डोंबिवली
२८ जानेवारी २०२५

राजरत्नदादा,

हे माझं पहिलं पत्र. चुका असतील.

तुमची आणि आबांची सगळी पत्रं मी येता-जाता वाचलीयेत. आबांना वाटायचं मी वाचत नाही. माझ्या मिशीवर कोणी एवढं लिहील असं वाटलं नव्हतं. मला कोणी विचारलं नाही, पण ते ठीक आहे. विचारलं असतं तर मी काय बोललो असतो ते तुम्हाला माहितीये.

परवा दहावा झाला, खाडीवर. आईने आबांचा कागद सगळ्यांसमोर वाचला. गावचे काका बोलले, "असं कुठं असतं का?" आई बोलली, "इथं असं लिहिलंय." गुरुजी बोलले, चार केस कापले तरी चालतं. न्हावी वस्तरा घेऊन बसलेला. तो बोलला, "लवकर सांगा, मला अजून एक दहावा आहे."

मी बोललो, "सगळं काढा."

आई "अरे" बोलली. मी परत बोललो, "सगळं काढा." काकांना वाटलं मी त्यांचं ऐकलं. ते खूश झाले. त्यांचं नाही ऐकलं. आबांचं पण नाही ऐकलं. आशीर्वाद नाही मिळणार, पण आबा रागावले तरी संध्याकाळपर्यंत विसरायचे.

का काढली ते सांगतो. बाबा गेले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. त्या दिवशी मला गोदाकाकूंकडे ठेवलेलं आणि टीव्हीवर कार्टून लावून दिलेलं. काकू सांगतात, मी खूप हसत होतो. बाबांना अग्नी आबांनी दिला. म्हाताऱ्याने पोराला. ते काम माझं होतं आणि माझ्याकडे उतरवायला काही नव्हतं. आता होतं. म्हणून मी न्हाव्याला बोललो, "दोघांची धरा. एक आबांची, एक बाबांची राहिलेली." तो माझ्या तोंडाकडे बघत बोलला, "एकच तर आहे."

मग मी रडलो. तुम्ही सीनमध्ये सांगितलेलं तेव्हा रडू आलं नव्हतं. परवा थांबेचना. न्हावी वस्तरा बाजूला धरून बसून राहिला. त्याला दुसऱ्या दहाव्याला उशीर झाला.

सॉरी दादा. तुमची तीन वर्षं मला माहितीयेत. मी सगळ्यांत आधी रसिकाताईला फोन केला, कारण मिशी तिची होती. तिने आधी मिशी किती उरली ते विचारलं. मग बोलली, माणूस आठवड्यात असा बदलला तर कंटिन्युइटी तुटते. पण मधे घरातलं कोणी गेलं असेल तर नाही तुटत. तर शेवटचा सीन असाच घ्या, टकलू. पायरीवर मी एकटा बसतो, बाकी दोघं समोरून माझ्याकडे बघत राहतील, आणि मी उठतो. का उठतो ते मला विचारू नका, मला माहितीये.

सुशांतदादाला पण विचारलं. गुरुवारी कॅमेरा मोकळा आहे. पुढच्या आठवड्यावर नेऊ नका. न्हावी वस्तरा पुसताना बोलला, आता येईल ती मिसरूड नसेल, मिशी असेल. म्हणजे ती तुमच्या कामाची नाही.

ऋतुराज